नळाच्या आट्यात वावरातला कापूस

कट्ट आवाज झाला आणि नळ माझ्या हातात आला. अर्धाच. त्याचा आट्यांचा तुकडा, म्हणजे पेच पाडलेला भाग, भिंतीतल्या एल्बोत, म्हणजे पाईपच्या वाकड्या जोडात, तसाच अडकून बसला. चूक माझीच. जुना गळका नळ बदलायचा होता, तो हलेना म्हणून पाईप पान्यावर मी अख्खं अंग टाकलं. वीस वर्षं आदिलाबादेत प्लंबिंग करतोय, तरी ही गत!

घर शहरालगतच्या मावला गावातल्या शांतामावशींचं. भाजीची वाडी, थोडा कापूस. तुकडा निघेपर्यंत टाकीचा व्हॉल्व्ह उघडता येईना, म्हणजे घरभर पाणी बंद. भिंत फोडली की काम सोपं. पण भिंतीपलीकडे त्यांची सून बाळंतीण, चार दिवसांचं लेकरू, आणि दुसऱ्या दिवशी पाचवीची पूजा.

"मावशी, भिंत फोडा लागते वाटते."

"नोको रे बापा! सारी धूळ लेकराच्या नाकातोंडात जाईन. दुसरं काई कर."

दुसरं म्हणजे एक्स्ट्रॅक्टर. हा उलट्या आट्यांचा पोलादी खुंटा. तुटक्या तुकड्याच्या पोकळीत बसवायचा आणि डावीकडे फिरवायचा. तो आत रुततो आणि तुकड्याला घेऊन बाहेर येतो. मी हातोडीनं ठोकला. पहिल्याच ठोक्याला लेकरू दचकून रडायला लागलं. फिरवला, तर खुंटाच घसरला.

माझं डोकं फिरलं. "कोन्या शहाण्यानं बसवला हा नळ?"

"माह्या मालकानं," मावशी म्हणाल्या.

मेलो! मालक, म्हणजे मावशींचे यजमान, जाऊन वर्षच झालं होतं. मी जीभ चावली. मावशी मात्र हसल्या.

"दुकानातल्या टेपवर त्याईचा भरोसा नव्हता. आपल्या वावरातला कापूस वळला, वार्निशात बुडवला अन् आट्याले गुंडाळला. म्हने, आता जोडातून थेंब गळनार नाई."

जोडातून गळला नव्हताच; गळत होता तो नळाच्या तोंडातून. वार्निश प्यालेला कापूस वाळला की दगड होतो. पण वार्निश उष्णतेनं मऊ पडतं, एवढं मला ठाऊक होतं.

"मावशी, उकळतं पाणी हाये का?"

चुलीवर पाण्याचं एकच मोठं पातेलं, म्हणजे गंज होता, बाळंतिणीच्या आंघोळीचा. नळ बंद असताना दुसरं पाणी कुठून आणणार? मावशी घुटमळल्या. सूनच आतून बोलली, "देऊन द्या आई. माही आंघोळ होईन मंग."

चिंध्या त्या पाण्यात बुडवून चिमट्यानं पोकळीत कोंबत राहिलो. एक निवली की दुसरी. अर्ध्या तासानं खुंटा नुसत्या हातानं दाबला, हळूच डावीकडे वळवला. कुरकुरला, आणि तुकडा सुटला! आट्यांना तपकिरी कापूस चिकटलेला. भिंतीचा टवकाही उडाला नाही. नवा नळ टेप लावून बसवला, व्हॉल्व्ह उघडला. मावशींनी आधी रिकामा गंज भरून चुलीवर ठेवला.

"मावशी, तोडला तर मीच होता. माफ करा."

"काऊन माफ करू? तू इचारलं नाई, मी सांगतलं नाई. बस, चहा घे."

लोकांच्या भिंती फोडून मी शिव्या पुष्कळ खाल्ल्या. इथं सुनेनं आंघोळीचं पाणी दिलं आणि सासूनं वर चहा पाजला. या दोघींचे उपकार मी मानतो.

आता कोणत्याही घरी गेलो की पिशवी उघडायच्या आधी विचारतो, नळ कोणी बसवला? लोक हसतात. हसोत. विचारून फिरवलेला नळ मोडत नाही.