मायखाली अंथरलेला टॉवेल

असोद्याच्या झुलालनं जुनी गाडी दारात आणून उभी केली, तेव्हा गावानं नारळ फुटायच्या आधीच तिला नावं ठेवून घेतली. कोणी म्हणालं पांढरा हत्ती, कोणी म्हणालं काळा. रंगानं ती काळीच होती. जळगावच्या दीपचंद शेटांची परदेशी बनावटीची गाडी, लांबलचक, आतून सायीच्या रंगाचं मऊ कातडं. शेटांच्या घरात नवी आली आणि ही बंगल्याच्या कडेला ऊन खात पडली. केळीला त्या साली बरा भाव लागला होता. झुलालच्या डोक्यातला जुना किडा वळवळला, आणि हौसेला काय, मोल नसतं.

किडा लहानपणचा होता. त्याची मोठी बहीण तानुबाई धुळ्याला देवपुरात दिलेली. लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाची बस वाटेतच रुसली, आणि नवरीला केळी वाहायच्या टेम्पोत बसवून सासरी धाडावं लागलं. शालूला केळीचा चीक लागला. केळीचा चीक तो, कशानं निघतो? झुलाल तेव्हा शाळकरी पोर. टेम्पोमागं पळत ओरडला होता, "अक्का, मी तुले मोठ्या गाडीत घ्याले येईन."

पोरं काय काय बोलतात आणि मोठी झाली की विसरतात. हा विसरला नाही. विसरला असता तर बरं झालं असतं, असं त्यालाच पुढं वाटायचं होतं.

आपल्याकडं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, पण आपल्या पायानं येत नाही. माहेरचा माणूस मुऱ्हाळी होऊन तिला घ्यायला जातो, भाऊ असला तर भाऊच. झुलाल दर आखाजीला मोटारसायकलवर देवपूर गाठायचा. तानुबाई मागं बसून, पदर तोंडावर घेऊन, उन्हाला आणि भावाच्या गाडी हाकण्याला शिव्या देत असोद्याला यायची. लिंबाला झोका बांधलेला असायचा. गुडघे दुखत असले तरी एकदा तरी ती त्यावर बसायची, आणि त्यांची माय सुंदरबाई उंबऱ्यात बसून म्हणायची, "हळू माय, फांदी तुह्याहून म्हातारी हाये."

तर गाडी आली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो गाडी खाली बसलेली. मागचा भाग थेट जमिनीला टेकलेला.

जळगावच्या अभिमन मेस्तरीनं येऊन पाहिलं. "झुलालभाऊ, हिला पाटे नाहीत. हवेच्या फुग्यांवर उभी राहते. मागचे फुगे चिरले आहेत, रातून हवा जाते. चालू केली की पंप हवा भरतो. ती उठेपर्यंत थांबायचं. रोज असं केलं तर पंप जळेल, म्हणून आधी फुगे बदला. शोभेचं मागाहून पाहू."

झुलालनं मान हलवली आणि केलं बरोबर उलटं. आधी रंगाला चकाकी आणली, मग कातडं घासूनपुसून घेतलं, मग गाण्याची पेटी बदलली. फुगे मुंबईहून मागवायचे होते, त्यांची काय घाई? रोज सकाळी गाडी चालू करून तो जवळ उभा राहायचा, आणि गाडी सुस्कारा टाकून हळूहळू उठायची. सुंदरबाई विचारायची, "उठली का रे तुही म्हैस?"

चैतातली गोष्ट. दुपारी ऊन मी म्हणत होतं. झुलालनं गाडीतली थंड हवा लावली आणि मायला म्हणाला, "ये, बस." म्हातारी शेंगांचं टोपलं घेऊनच आली. डोक्याला खोबरेल चोपडलेलं, लुगड्याला मातीचा रंग. ती दाराशी वाकली तेवढ्यात तो म्हणाला, "थांब माय," आणि पळत जाऊन घरातून टॉवेल आणला. एक तिच्याखाली अंथरला, दुसरा डोकं टेकतं तिथं टाकला.

"बरं केलं," माय म्हणाली. "माह्या डोक्याचं तेल लई वंगाळ."

ती हसूनच म्हणाली. शेंगा सोलत बराच वेळ बसली आणि म्हणाली, "बापा, ह्या गाडीत तं हिवाळा हाये." झुलालला धन्य वाटलं. त्याची बायको हेमांगी ओट्यावरून सगळं पाहत होती. ती एवढंच बोलली, "सासूबाईंच्या खाली टॉवेल, गाडीवर झूल. पोळ्याला आता हिची शिंगं रंगवा."

मग आखाजी आली. झुलालनं फोन करून सांगितलं, "अक्का, ह्या साली गाडी घेऊन येतो. दुपारपर्यंत तयार राहा." आदल्या दिवशी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून त्यानं चावी फिरवली. गाडी घरघरली, पण उठेना. त्यानं पुन्हा फिरवली, पुन्हा वाट पाहिली. मग जळका वास आला आणि घरघरही थांबली. पंप गेला होता.

मोटारसायकल तिथंच, भिंतीला टेकून उभी. टाकीत पेट्रोल होतं. हेमांगी म्हणाली, "निघा ना हिच्यावर, अजून ऊन चढलं नाही." पण झुलालला ते लागलं. इतक्या वर्षांचा शब्द, आणि जायचं परत त्याच फटफटीवर? त्यानं अभिमनला बोलावलं. अभिमन जामनेरला कुणाचा ट्रॅक्टर खोलून बसलेला, उशिरा आला. मग जुना पंप कुठं मिळतो याचे फोन. मधून मधून बहिणीला फोन, "निघतोच आहे." पुन्हा, "आता निघालोच समज." शेवटी, "अक्का, उद्या सकाळी नक्की." दुसऱ्या सकाळीही गाडी बसलेलीच होती आणि झुलाल तिच्यापाशी, तोंडाला वंगण लावून. आखाजी आली तशी निघून गेली. लिंबाचा झोका वाऱ्यानं हलला तेवढाच.

माय म्हणाली, "जाऊ दे. पुढच्या सालीबी आखाजी हाये."

आखाजी होती. मायच नव्हती. ज्येष्ठात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि सुंदरबाई गेली. तानुबाई नवऱ्यासोबत भाड्याच्या जीपमधून आली, तोवर मायचं तोंड झाकलं होतं. दिवस होईपर्यंत ती राहिली. रडली, राबली, भावाला जेवायला वाढलं, पण गाडीचं नाव काढलं नाही, आखाजीचंही नाही. ती एकदा बोलली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, तर झुलालला सुटल्यासारखं झालं असतं. निघताना ती म्हणाली, "जाते." दुःखाच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो शब्द त्याच्या मनात काट्यासारखा राहिला. रीत म्हणून म्हणाली, की खरंच माहेर संपलं म्हणून?

पुढं कितीतरी दिवस त्यानं गाडीकडं पाहिलं नाही. ती लिंबाखाली बसून राहिली, टपावर निंबोळ्या सडल्या. "विकून टाका," हेमांगी म्हणाली, "नाहीतर उठवा. दारात अशी मेल्यासारखी नको."

मग त्यानं फुगे मागवले, पंप मागवला. अभिमन काम करायचा आणि झुलाल शेजारी बसून विचारायचा, हे काय, ते कशाला. आधी त्याला गाडीची चकाकी तेवढी ठाऊक होती, आता तिचं दुखणं ठाऊक झालं. कोणता आवाज पंपाचा, कोणता पट्ट्याचा, किती वेळ थांबलं की ती पूर्ण उभी राहते, सगळं. एक दिवस अभिमननं मागची गादी उचलली, खाली बॅटरी होती. बॅटरीच्या कडेला शेंगांची लाल फोलपटं पडलेली.

"उंदीर असतील," अभिमन म्हणाला आणि फडकं उचललं.

"राहू दे," झुलाल म्हणाला. "उंदीर नाहीत." मग उठून उगाच केळीच्या बागेकडं निघून गेला. टॉवेल अंथरला होता ना, तरी तिनं काहीतरी मागं ठेवलंच होतं. ज्या मायनं त्याचं शेण-मूत काढलं, तिच्याखाली त्यानं टॉवेल अंथरला होता. हे कोणाला सांगावं? सांगितलं तरी लोक म्हणणार, टॉवेलच तर होता.

पुन्हा आखाजी आली. ही मायची पहिली घागर. आखाजीला पितरांची घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, पुरणपोळी आणि रसाचा निवद दाखवतात. वर्षात गेलेल्या मायची घागर लेकीवाचून भरायची म्हणजे अळणी स्वयंपाकच. झुलालनं फोन केला. "अक्का, घ्यायला येतो."

"बघू," तानुबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

तो पहाटेच निघाला. गाडी आता शहाण्या बैलासारखी चालत होती. एरंडोल गेलं, पारोळं गेलं, कुठं कुरकुर नाही. पांझरेच्या पुलावर त्याच्या मनात आलं, हीच गाडी मागच्या साली अशी चालली असती. पण गाडीचा काय दोष? मोटारसायकल तर मागच्या सालीही चालतच होती.

देवपुरात तानुबाईच्या दारात गाडी लागली. तिचे मालक प्रेमराज बाहेर आले, गाडीभोवती फिरले. "गाडी भारी शे, पाहुणा," ते म्हणाले. झुलालला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तानुबाई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. पिशवी भरलेली दिसत नव्हती.

"अक्का, तयारी?"

"मागच्या साली केली होती की. सकाळपासून दारात पिशवी घेऊन बसले होते." तिनं मान वर केली नाही. "शेजारच्या कुंदाबाई त्या दिवशी जळगावला चालल्या होत्या, जीपनं. म्हणाल्या, चला, असोद्याला सोडते. मी उठलेसुद्धा होते."

"मग आली का नाही?" झुलालनं विचारलं. "मुऱ्हाळ्याशिवाय यायचं नाही म्हणून?"

"मुऱ्हाळी गेला खड्ड्यात. ह्या वयात मला कोण हसणार होतं?" आता तिनं वर पाहिलं. "मी मायला फोन लावला. म्हटलं, येते. तर म्हणाली, नको येऊ तशी. झुलाल सकाळचा त्या गाडीपाशी बसला आहे, जेवलाबी नाही. तू दुसऱ्याच्या गाडीतून उतरलेली त्याला दिसली, तर पोराचं तोंड एवढंसं होईन. आपलं काय माय, पुढच्या आखाजीले भेटू."

झुलाल दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. वर्षभर त्याला वाटत होतं, आपण दोघींना वाट पाहायला लावलं. दोघींनी ठरवून वाट पाहिली, आणि तीही त्याच्यासाठी, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. आता माफी मागायची ती कशाची, आणि कोणाकडं?

"वर्षभर बोलली नाहीस," तो कसाबसा म्हणाला.

"मायनं नको सांगू म्हटलं होतं. पण आज तिची घागर भरायची. पोटात ठेवून नाही भरवत मला." तिनं भाजीची पाटी बाजूला सारली. "थांब. डोकं विंचरून येते."

ती आली ती केसांना तेल चोपडून, पिशवी काखेत मारून. गाडीपाशी येऊन थबकली. दार उघडलं, आत पाहिलं, आणि मग भावाकडं.

"टॉवेल कुठं आहे?"

माय सांगून बसली होती तर. हसत हसतच सांगितलं असणार.

"नाही आणला," झुलाल म्हणाला.

"डाग पडेल."

"पडू दे."

तानुबाई बसली आणि डोकं चांगलं मागं टेकलं. पारोळं मागं पडलं. बाहेर वैशाख पेटला होता आणि आत थंड हवा सुरू होती. तिनं पदर अंगाभोवती ओढून घेतला. "बंद कर रे ही थंडी."

"मायला आवडायची."

"मायले?" तानुबाई कडवट हसली. "माय मला म्हणाली होती, हुडहुडी भरली बाई, पण त्याच्या तोंडाकडं पाहून बसले."

झुलालनं हवा बंद केली. मग एकेक करून चारी काचा खाली घेतल्या. रानातला फुफाटा, ट्रकचा धूर, झळा, सगळं आत आलं आणि सायीच्या रंगाच्या कातड्यावर बसलं. तानुबाईनं जुन्या सवयीनं पदर तोंडावर घेतला. तो समोर पाहत गाडी हाकत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि धुळीनं येतं म्हणायची आता सोय होती.

असोद्याला घागर भरली. तानुबाईनं वर डांगर ठेवलं, झुलालनं पाणी सोडलं. संध्याकाळी ती झोक्यावर बसली नाही, नुसती दोरीला धरून उभी राहिली.

आखाजी सरल्यावर त्यानंच तिला देवपूरला पोचवलं. उतरताना ती म्हणाली, "येते."

"गाडी घेऊन येऊ ना पुढच्या साली?" त्यानं भीत भीत विचारलं.

"चाललेली असली तर गाडी आण. नाहीतर फटफटी आण. काहीच नसलं तर एस.टी. आहे." तिनं पिशवी काखेत मारली. "पण निघालो म्हणशील तेव्हा निघालेला असावा."

झुलालनं मान डोलावली. परत येताना जळगावात गाडी धुवायला लावली. धुणारा बाटली आणि फडकं घेऊन आत वाकला, म्हणाला, "भाऊ, डोक्याच्या जागी तेलाचा डाग पडला आहे. काढू?"

"नको," झुलाल म्हणाला. "तेवढा सोडून बाकीचं धू."