किटली, काटे आणि जुनं लोखंड

लिहावं इतकं माझं वाचन नाही. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, तेव्हा चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण परवा वसतिगृहात कुणीतरी म्हणालं, "जुन्या सायकलींचं लोखंड म्हणजे लोखंड!" आणि मला राहवलं नाही.

ईट या आमच्या जवळच्या गावी सायकलच्या दुकानात मी तीन वर्षं काम केलं आहे. जुन्या सायकलीला मजबूत म्हणणाऱ्यांनी ती कधी चढावर ढकललेली नसते, असं माझं नम्र मत आहे. वजन रेडकाएवढं. ब्रेक दाबला की नुसता आवाज यायचा. सायकल थांबायची ती पाय टेकल्यावर.

माझ्या चुलत्यांची तसलीच होती. "लोखंड हाय, मोडत न्हाय," हे त्यांचं पालुपद. आमच्या वस्तीवरचं दूध ते रोज सकाळी ईटच्या दूध सोसायटीत पोचवत. दुष्काळात शेतातून काही येत नव्हतं. त्या एका किटलीवर वस्तीतल्या सात घरांच्या चुली चालायच्या.

लोक शेरडांसाठी बाभळी तोडत, त्यामुळं वाटेवर काटेच काटे. पंक्चर शोधायला घमेलंभर पाणी लागतं. ते कुठलं आणायचं? आमचे मालक फुगवलेली ट्यूब ओठांजवळ फिरवत, हवा लागली की तिथं ठिगळ. मी काकांना म्हटलं, "ट्यूब भिजवून बघायला जवळ बाटलीभर पाणी ठेवत जावा."

"दूधवाल्याच्या सायकलीला पाण्याची बाटली? लोक काय म्हणतील रं, शहाण्या?"

खरंच, हे मला सुचलंच नव्हतं.

दोनदा उशीर झाला. सोसायटीचं दूध नेणारा टेम्पो निघून गेला, आमचं दूध माघारी आलं. सोसायटीचे सचिव सगळ्यांसमोर म्हणाले, "तिसऱ्यांदा झालं तर तुमच्या वस्तीचं दूध बंद. सायकल हाय का म्हातारी म्हैस?"

"म्हैस असती तर दूध तरी दिलं असतं," काका म्हणाले. लोक हसले. काका हसले नाहीत.

कॉलेजला निघायच्या आदल्या दिवशी मी दोन टाकाऊ टायरांच्या कडा कापल्या आणि ते त्यांच्या दोन्ही टायरांच्या आत बसवले, काटा ट्यूबपर्यंत पोचू नये म्हणून. दुकानातली ही दुष्काळातली युक्ती. सायकल आणखी जड झाली.

"आता हिला बैलच जुपतो," काका म्हणाले.

इकडं आल्यावर दीड महिना तिकडचं काही कळलं नाही. सकाळी तासाला बसलो तरी टेम्पोची वेळ झाली की माझं लक्ष उडायचं.

शेवटी कार्ड आलं. काकांना लिहिता येत नाही. अक्षर सोसायटीच्या सचिवांचं होतं.

"पंक्चर एकबी न्हाय. पर परवा वढ्याजवळ पुढचं चाक धरणारा लोखंडी चिमटाच मोडला. किटली डोक्यावर घेऊन पळालो. टेम्पो हलला व्हता, सचिवसायबांनी हात करून थांबवला. आपलं दूध चालू हाय. सायकल वढ्यातच पडलीय, चोरबी नेईना."