आई बोलेपर्यंत

मला दुपारी झोप लागते आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. माझी शाळा सकाळची. पाचला उठायचं, सातच्या घंटेला वर्गात उभं राहायचं, साठ पोरांच्या गळी अपूर्णांक उतरवायचे आणि दीड वाजता पुंडलिकनगरात घरी येऊन, चार घास खाऊन आडवं व्हायचं. नवरा शेंद्र्याला कंपनीत, तो संध्याकाळी सहानंतर उगवतो. तो म्हणतो, हिला पगार झोपायचाच मिळतो, शिकवते ती फुकटात.

पण आई गेल्यापासून त्या झोपेत आराम उरला नव्हता. झोपेत मला काम होतं. आईला काय सांगायचं होतं ते मला तिच्याकडून काढून घ्यायचं होतं.

आई गेली तो आमच्या गल्लीचा पाण्याचा दिवस होता. आमच्या अंगणातल्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तेही तासभर. त्या तासात माणूस माणसाला ओळखत नाही. हौद भरायचा, मोटर लावून वरची टाकी भरायची, पिंप, कळशा, बादल्या, शेवटी पातेलीसुद्धा. मी ओल्या हातांनी पाइप धरून उभी होते आणि ओट्यावर फोन वाजत होता. आईचा होता. ती करमाडच्या पलीकडे गावी राहायची, आण्णांसोबत. आण्णा म्हणजे माझे वडील. आई नेहमी एक रिंग देऊन फोन कट करायची, मग मी उलटा लावायचा, असा आमचा रिवाज. त्या दिवशी मात्र फोन पूर्ण वाजला. एकदा, दोनदा, तीनदा. मला ऐकू येत होतं. ‘थांब गं बाई, पाणी आलंय,’ असं मी फोनकडे बघून मोठ्यानं म्हणालेसुद्धा. अर्ध्या तासानं मी फोन लावला तेव्हा तो गावातल्या कुणीतरी उचलला आणि म्हणाला, ‘ताई, लगेच निघा.’

आण्णांनी नंतर एवढंच सांगितलं की ते शेतात होते, आले तेव्हा सगळं संपलं होतं. म्हणजे जाण्याआधी आईनं तीन वेळा फक्त मला हाक मारली होती. तिला काय सांगायचं होतं? या एका प्रश्नानं माझं डोकं पोखरून काढलं. आण्णांना आम्ही इकडं आणलं, गावचं घर बंद केलं. आणि आई माझ्या दुपारच्या स्वप्नात येऊ लागली.

ती दारातल्या खुर्चीवर बसलेली असायची, मांडीवर मेथीची जुडी. माझ्याकडे बघून ‘अगं, ऐक की,’ एवढं म्हणायची आणि मला जाग यायची. दर वेळी तिथंच. उठल्यावर मला इतका संताप यायचा की उशी भिंतीवर फेकावीशी वाटे. एकदोनदा फेकलीही.

शाळेतल्या कॉम्प्युटरच्या मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्या असल्या गोष्टींचे व्हिडिओ बघायच्या. त्यांनी सांगितलं की स्वप्न चालू असतानाच हे स्वप्न आहे हे ओळखता येतं आणि ओळखलं की ते धरूनही ठेवता येतं. ओळखायला एक खूण हवी. कुणी हाताची बोटं मोजतं, कुणी पाटी दोनदा वाचतं; स्वप्नात आकडा चुकतो, अक्षरं बदलतात. माझी खूण मला शोधावी लागलीच नाही. माझ्या स्वप्नात अंगणातला नळ कायम धो धो वाहत असायचा. वार नाही, वेळ नाही, पाणी आहेच! जागेपणी असं सुख आमच्या गल्लीत कुणी पाहिलेलं नाही. मग मी दिवसातून चार वेळा मुद्दाम नळ फिरवून बघायची सवय लावून घेतली. कोरडा असला की जागी. वाहता असला आणि पाण्याचा वार नसला, की स्वप्न.

ओळखणं सोपं होतं. टिकवणं महाकठीण. ‘हे स्वप्न आहे’ असं कळलं की छाती धडधडायला लागते आणि धडधड झाली की जाग येते. मॅडम म्हणाल्या, तळहात एकमेकांवर घासा. भिंतीला हात लावा, जमीन पायांनी चाचपा. एका गोष्टीकडे टक लावून बघू नका, नजर फिरती ठेवा. आणि जाग आलीच तर डोळे उघडू नका, कूस बदलू नका, तशाच पडून राहा, कधीकधी परत आत जाता येतं. मी हे सगळं केलं. सगळ्यात अवघड होतं ते आईला बघून आनंद होऊ न देणं. आनंद झाला की संपलं. सहा महिने खपून मी माझ्या मेलेल्या आईकडे, जशी शाळेत आलेल्या एखाद्या पालकाकडे बघते तशी, कोरडेपणानं बघायला शिकले. हे लिहितानाही मला कसंतरी होतं.

त्या शिकण्याचा घरावर परिणाम झाला. भाजीवाल्याच्या भोंग्यावर, शेजारणीच्या मिक्सरवर माझा ताबा नव्हता. आण्णांवर होता. ते दुपारी रेडिओ लावत, तो मी बंद करायला लावला. त्यांना खोकला होता. एकदा आई ‘लई दिवसाचं सांगायचंय’ इथपर्यंत आली होती आणि आण्णा खोकले. मी तणतणत बाहेर गेले, वाट्टेल ते बोलले. त्यानंतर ते दुपारभर बाहेर पायरीवर बसू लागले, तोंडावर उपरणं धरून. मला त्याचं काही वाटलं नाही. मला झोप हवी होती.

गेल्या चैत्रातली गोष्ट. गुरुवार होता. पाणी मंगळवारीच येऊन गेलं होतं, म्हणजे पुढच्या बुधवारपर्यंत नाव नाही. झोपेतून उठून, की उठल्यासारखं वाटून, मी अंगणात आले आणि सवयीनं नळ फिरवला. पाणी आलं. चांगलं धारेनं.

मी घाई केली नाही. तळहात घासले. भिंतीला हात लावला, ती उन्हानं तापली होती. नजर फिरती ठेवत मी दाराकडे वळले. खुर्चीवर आई नव्हती, आण्णा होते. माझी निराशा झाली, पण म्हटलं ठीक आहे, आज यांना विचारू. स्वप्नातल्या माणसाला काहीही विचारता येतं, त्याला लागत नाही.

‘आण्णा, आई कुठंय?’

त्यांनी तोंडावरचं उपरणं काढलं.

‘तुम्हीच तिला बोलू देत नाही,’ मी म्हणाले. ‘ती जात होती तेव्हा तुम्ही शेतात काय करत होतात? तिनं मला तीनदा फोन केला. तुम्ही घरात असतात तर ती मेली नसती. तुमच्यामुळं मेली ती.’

हे वाक्य माझ्यात दोन वर्षं होतं. जागेपणी मी ते मेले तरी बोलले नसते.

आण्णांनी उपरणं हातात गोळा केलं. मग म्हणाले, ‘तिनं नाय केला फोन. म्या केला व्हता.’

मी तळहात घासत राहिले.

‘म्या घरातच व्हतो. चहा ठिवता ठिवता पडली ती. मला त्या फोनातलं काय कळतंय? हिरवं बटन दोनदा दाबलं की तुला लागतो, एवढं तिनं शिकवलेलं. म्हून दाबलं. तीन बारी दाबलं.’

मला आता हे स्वप्न नको होतं. जागं व्हायचं तर डोळे गच्च मिटून उघडायचे, हेही मॅडमनी सांगितलेलं. मी मिटले, उघडले. आण्णा तिथंच होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. गल्लीत शेजारीण ओरडत होती, ‘अहो, लाइन दुरुस्त केलीय म्हणं, पाणी सोडून बघतायत, मोटर लावा लवकर!’ माझी पावलं भिजली होती. गार लागत होतं.

मी तिथंच ओल्या फरशीवर बसले. म्हणजे मी जागीच होते. आता जे बोलून बसले ते परत घेता येणार नव्हतं.

‘आण्णा, मग शेतात होतो असं का सांगितलंत?’

‘तू फोन उचलला नाय म्हून ती गेली, असं तुला आयुष्यभर लागलं असतं. म्या शेतात व्हतो म्हणलं की दोष माझ्यावर येतोय. मला बोल लागला तर लागू दे म्हणलं.’

‘ती काही म्हणाली का? माझ्यासाठी काही?’

त्यांनी मान हलवली. ‘बोलायला शुद्ध कुठं व्हती, माय. तू उचलला असतास तरी काय व्हणार नव्हतं, डाक्टर म्हणला तसं. पर म्या एकटाच व्हतो गं. लई भ्या वाटलं.’

दोन वर्षं मी तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि तिच्याकडे सांगायला काहीच नव्हतं. मला रडू आलं, ते आईसाठी नव्हतं. मी त्यांच्या पायाशी सरकले आणि म्हणाले, ‘आण्णा, पहिल्यापासून सांगा. ती पडली तिथपासून.’

ते सांगू लागले. तिचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं तर ते ओठांवरून खाली आलं, शेजारी जीप आणायला धावला आणि तोवर ते तिला, ऊठ गं, ऊठ गं, म्हणत राहिले. मधेच थांबत, पदरासारखं उपरणं डोळ्यांना लावत, परत पहिल्यापासून सांगत. नवरा कामावरून आला तरी त्यांचं संपलं नव्हतं. दोन वर्षं ते माझ्याच घरात राहत होते आणि हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.