उतरून बघणारी

उरणजवळ द्रोणागिरीच्या गोदामात मी छोटा टेम्पो चालवायचे. अवजड वाहनाचं लायसन्स कधीच काढून ठेवलं होतं, पण ट्रेलर मागितला की सुपरवायझर हसून विषय बदलायचे. मी जात्याच चिवट. रोज पिच्छा पुरवल्यावर एकदा वैतागून म्हणाले, "उद्या भरलेला ट्रेलर माल उतरवायच्या फलाटाला लावून दाखवा. नीट लागला तर ट्रेलर तुमचा. कुठं घासला, तर पुन्हा नाव काढायचं नाही."

सरळ रस्त्यावर ट्रेलर नेणं अवघड नाही, खरी परीक्षा मागे घेताना. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की शेपूट उजवीकडे जातं. त्यात आमच्याकडची रीत अशी, की मागे घेताना ड्रायव्हरने खाली उतरायचं नाही. मागून कुणीतरी ओरडणार, पत्र्यावर थाप मारणार आणि आपण त्या थापेवर गाडी सोडणार. उतरून बघतो तो कच्चा, असं सगळे मानायचे.

दुसऱ्या दिवशी चहा सोडून सगळे ड्रायव्हर तमाशा बघायला जमले. मागे इशारे द्यायला उरणचे एक जुने ड्रायव्हर काका उभे राहिले. "येऊ दे ताई, येऊ दे. जागा हाय भरपूर."

ट्रेलर वळला तसा डावीकडचा आरसा निरुपयोगी झाला. त्या बाजूला काय आहे ते मला दिसेना, आणि काका तर उजवीकडे उभे. मला धीर धरवेना. हँडब्रेक ओढला आणि उतरले.

"ताई, चप्पल पडली काय खाली?" ट्रेलर घेऊन मागे थांबलेल्या एकाने विचारलं. हशा पिकला. हसतील त्यांचे दात दिसतील, असं मनात म्हणत मी डाव्या बाजूला गेले. तिथे फलाटाच्या राखणीला गाडलेला कमरेएवढा लोखंडी खांब होता. कंटेनरचा कोपरा त्याच्यापासून जेमतेम वीतभर.

मी काकांना बोलावलं. ते बघून म्हणाले, "आयला, मना दिसलाच नाय." खोटं बोलले नाहीत, हे मला फार आवडलं.

गाडी पुढे घेतली, सरळ केली, पुन्हा मागे आणली. मध्ये आणखी एकदा उतरले, मुद्दाम सावकाश. शेवटी मागचा भाग फलाटाच्या रबराला अलगद टेकला. सुपरवायझर वाकून वाकून ट्रेलरभोवती फिरले. ओरखडा सापडेना, तेव्हा जरा नाराजच दिसले. मग म्हणाले, "उद्या सकाळी बंदरातून कंटेनर आणायचाय. तुम्हीच जा."

मला नाचावंसं वाटत होतं. पण इतक्या लोकांसमोर कशाला, म्हणून नुसतीच ताठ उभी राहिले.

माझ्यानंतर त्या चप्पलवाल्याचा नंबर होता. अर्ध्यात आला, थांबला. काका थाप मारत होते तरी त्याने दार उघडलं, माझ्याकडे न बघता उतरला आणि डावी बाजू बघून आला. मी हसले नाही. फार कष्ट पडले.