आंबट पेंढा आणि हिराबाई

चार आठवड्यांपूर्वी सकाळी फोन वाजला. पलीकडे हिराबाईची मुलगी संगीता. "बाई, आय गेली..." एवढंच ती म्हणाली. छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

शहापूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे. हिराबाई शाळेची पायरी पहिल्यांदा चढली ती चाळिशीत, एका दुपारी, हातात बुरशीने हिरवी पडलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन. शेणव्याजवळच्या वाडीतली ही बाई. जमीन नाही. दिवाळी झाली की घराला कुलूप घालून नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जायचं, आणि संगीताची शाळा तिथेच सुटायची. एका प्रशिक्षणात ती धिंगरी अळिंबी, म्हणजे मशरूम, लावायला शिकली होती. पेंढा भिजवायचा, गरम पाण्यातून काढून निथळवायचा, पिशवीत त्याचे थर द्यायचे आणि थरांमध्ये अळिंबीचं बी पसरायचं. हे जमलं असतं तर भट्टी सुटणार होती. पण तिने दोनदा लावून पाहिली, आणि दोन्ही वेळा पिशव्यांवर हिरवी बुरशी चढली. "लोक म्हणतात, माझ्या हाताला यश नाय. खरं सांगा बाई, माझाच हात वाईट का?"

पिशवी उघडली तर आंबूस वास आला. पेंढा पिळून त्या पाण्यात प्रयोगशाळेतली कागदी पट्टी बुडवली, ती पिवळी-नारिंगी झाली. पावसात भिजून पडलेला तिचा पेंढा आंबला होता, आणि त्या आंबटपणात अळिंबीच्या आधी बुरशीचं फावत होतं. भिजवायच्या पाण्यात चुना घाल, म्हटलं. किती, ते पुस्तकात बघून सांगणार होते, पण तिला धीर कुठला! तिने इतका चुना घातला की बी रुजलंच नाही. आता ही सोडून देणार, असं मला वाटलं. ती मात्र हसतच आली. "पानाला चुना जास्ती झाला की तोंड भाजतं. एवढं मला कळाया नको?"

मग शाळेच्या मागच्या ओट्यावर आम्ही सहा बादल्या मांडल्या. प्रत्येकीत थोडा पेंढा, आणि चुना पहिलीपेक्षा दुसरीत जरा जास्त, तिसरीत आणखी. प्रत्येकीत कागदी पट्टी बुडवली. पट्ट्यांच्या डबीवरचे आकडे तिला वाचता येत नव्हते. तिने रंगच लक्षात ठेवले. नारिंगी म्हणजे आंबट, निळसर म्हणजे चुना जास्त, आणि भाताच्या रोपासारखा हिरवा आला की पेंढा भरायचा. त्या खेपेला पिशव्या कापसासारख्या पांढऱ्या झाल्या. त्या दिवाळीनंतर तिच्या घराला कुलूप लागलं नाही, आणि संगीता पुढे बारावी विज्ञान झाली. हिराबाई मुरबाडपर्यंत बायकांना शिकवायला जाऊ लागली. कुणी आपल्या हाताला बोल लावला की ती उसळायची. "हाताचं काय घेऊन बसलीस गो? आधी पेंढ्याचं पाणी बघ!"

मागच्या आठवड्यात मी वाडीवर गेले. मुरबाडकडच्या चार बायका शिकायला यायच्या होत्या. दिवस हिराबाईनेच ठरवलेला, आणि संगीताने तो बदलला नव्हता. अळिंबीच्या खोलीचं दार उघडून ती उंबऱ्यातच थांबली. "या पिशव्या आयनं भरल्या... जायच्या दोन दिवस आधी." आत दोरीला पांढऱ्या पिशव्या टांगलेल्या, आणि त्यांच्या भोकांतून राखाडी छत्र्यांचे टपोरे घोस बाहेर आले होते. मग संगीताने एक घोस हलकेच पिरगळून काढला आणि आलेल्यांतल्या म्हाताऱ्या बाईच्या ओंजळीत ठेवला. तिने तो नाकाशी नेला, डोळे मिटले. "जिवंत वास हाय गो पोरी..."

संगीताने पदराने डोळे पुसले, तो कमरेला खोचला आणि अंगणातल्या पिंपाकडे निघाली. "चला मावशी, पेंढा भिजवाया घालू."