कृपया कुणीही भेटायला येऊ नये

लोकांचा ताण घालवणं हा माझा पेशा आहे, आणि माझं बीपी ही त्या पेशातली कमाई आहे.

सरकारी दवाखान्यात मी समुपदेशक आहे. अहमदपुरात ज्याला झोप नाही, जिला सासू नको, जिला सून नको, ते सगळे माझ्या टेबलापुढे बसतात. मी म्हणते, "ताण घेऊ नका." ते शहाण्यासारखे ऐकतात, ताण टेबलावर ठेवतात आणि मोकळे होऊन जातात. तो उचलून घरी कोण नेणार? मीच! आधी मान धरली, मग छातीत जळजळ, मग एके दिवशी डोळ्यांपुढे काजवेच चमकले.

लातूरच्या डॉक्टरांनी दंडाचा पट्टा सोडला आणि बजावलं, "आठवडाभर सुट्टी. कुणाचं काही ऐकायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. सोमवारी बीपी उतरलं तर ठीक, नाहीतर जन्माची गोळी."

जन्माच्या गोळीची मला भयंकर भीती वाटते. (पेशंटना मात्र "त्यात काय एवढं!" असं मी हसत सांगते.)

आमचे हे किराणा दुकानदार, पण बायकोच्या तब्येतीच्या बाबतीत कलेक्टर! लगेच भावकीच्या ग्रुपवर फर्मान सुटलं : 'सौ.ची तब्येत बरी नाही. बोलायला मनाई आहे. कृपया कुणीही भेटायला येऊ नये.'

आता आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जाणं हे कर्तव्य, आणि 'येऊ नका' म्हटलं की समजायचं, काही खरं नाही! दुसऱ्या दिवशी शिरूर अनंतपाळहून चुलतसासरे पहिल्या एसटीनं हजर. दारातच डोळे पुसायला लागले.

"कुठं हाय सूनबाई? एकदा तोंड तरी बघू द्या!"

"अण्णा, हाय की मी. चांगली हाय!" मी स्वयंपाकघरातून पोहे परतत म्हणाले.

"बोलू नको माय, बोलू नको! मनाई हाय म्हणं!"

मी खरंच गप्प बसणार होते. पण अण्णांनी मोसंब्यांची पिशवी ठेवली, एक उसासा टाकला आणि माझ्या तोंडून सवयीनं निसटलं, "झोप लागते का, अण्णा?"

संपलं! थोरला मुलगा बोलत नाही, धाकटा बोलतो ते ऐकवत नाही, गुडघे तर दोघांपेक्षा वाईट. जेवणाच्या वेळेपर्यंत अण्णा हलके झाले आणि जाताना त्यांनी ग्रुपवर टाकलं : 'सूनबाईला भेटून आलो. लई बरं वाटलं.'

मग काय, रीघच लागली. देगलूरची नणंद तापट नवऱ्याला धरून घेऊन आली. शेजारीण सुनेला घेऊन आली आणि सून स्वतःच्या आईला. सासूबाईंनी ओसरीचा ताबा घेतला.

"चपला भाईर! परगावचे आधी, त्यांला गाडी हाय. पोरी, तू कशाला रडायलीस? आत जाऊन रड की!"

शनिवारी सगळे पांगले. हे खोलीत आले. वाटलं, आता कपाळावर हात ठेवतील. तेवढ्यानंही मला रडू आलं असतं. पण हे पायथ्याशी टेकले आणि हळूच म्हणाले, "तू मोकळीच हायस तर एक सांगू का? दुकानाचा लई ताण यायलाय."

सोमवारी डॉक्टरांनी पट्टा आवळला, यंत्राकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आराम केला होता ना?"

"घरातच होते," मी म्हणाले. (खोटं कुठं बोलले?)

त्यांनी जन्माची गोळी लिहिली, मग मान चोळली आणि एक लांब जांभई दिली. मी ओठ दाबून धरले. पदर तोंडाशी नेला. पण शेवटी निसटलंच, "झोप लागते का, डॉक्टर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

बऱ्याच वेळानं वैतागलेल्या कंपाउंडरनं दार ढकललं. "भाईर गर्दी व्हायलीय! आत पेशंट हाय तरी कोन?"

आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं. डॉक्टर खूपच ताजेतवाने दिसत होते. गोळी मात्र मलाच लागू झाली.