सोफेवाल्याच्या लेकीचं पहिलं भांडण

सोफे-खुर्च्यांना नवं कापड चढवणं हा त्याचा धंदा, म्हणून सगळी गल्ली त्याला सोफेवाला म्हणायची. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं काम चाले. तिथेच, फोमच्या तुकड्यांच्या ढिगावर बसून, त्याची लेक शिकायची. शाळेत घातली तेव्हा ती रोज सकाळी उलटी करायची आणि डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. बायको नर्स, तिच्या ड्युटीचा नेम नाही. शेवटी त्यानेच ठरवलं, पोरीला घरीच शिकवायचं. उलट्या थांबल्या. वाचन, गणितही झपाट्याने पुढे गेलं.

पण मेहुणी आली की तिचं पालुपद ठरलेलं. अभ्यास होईल हो भाऊजी, पण ही चार पोरांत मिसळणार कधी? पुढे माणूसघाणी झाली म्हणजे?

त्याला ते पटत नसे आणि डोक्यातून जातही नसे. पोरगी तर गिऱ्हाइकांशी मनसोक्त गप्पा मारायची. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची सून रुसून बसली आहे, हे तिला त्याच्याआधी कळायचं. मग मिसळणं म्हणजे आणखी काय असतं?

तरीही तो तिला संध्याकाळी बागेत नेऊ लागला. तिथे ती रखवालदाराशी बोलली, बाकावरच्या आजींशी बोलली. पोरांकडे फिरकलीच नाही. एकदा त्याने तिला जवळजवळ ढकलूनच लपाछपीत घातलं. तिच्यावर राज्य आलं. तिने सगळ्यांना शोधून काढलं आणि मग कुणी खरं तर कुठे लपायला हवं होतं, हे एकेकाला समजावून सांगितलं. पोरं एकमेकांकडे बघत पांगली. "मजा आली," ती घरी येताना म्हणाली. त्याला हसावं की रडावं कळेना.

काही दिवसांनी बागेत एकदम रडारड झाली. बेकरीवाल्याची मुलगी झोपाळ्याखाली पडली होती, गुडघा खरचटला होता, आणि त्याची लेक हात मागे बांधून उभी होती.

"मी नाही ढकललं. तीच पडली."

तिला झोपाळ्यावरून ढकलताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पोरगी आजवर त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. त्याने धावत आलेल्या बेकरीवाल्याच्या बायकोची माफी मागितली आणि लेकीला घेऊन निघाला. रागवायचं ते भांडणाबद्दल की खोटं बोलण्याबद्दल, हे घर आलं तरी ठरलं नाही.

बायको ड्युटीवरून आली. सगळं ऐकून खुर्चीत बसली आणि हसायलाच लागली.

"भांडली? आपली? म्हणजे मिसळली की."

"अगं, खोटं बोलली ती."

"तेही पोरांतच शिकतात. तू काय आईच्या पोटातून शिकून आला होतास?"

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याची मुलगी गुडघ्याला पट्टी लावून दारात उभी. आता तक्रार येणार, असं त्याला वाटलं. तिने फक्त विचारलं, "ती येते का खेळायला?"

दोघी उलट्या ठेवलेल्या सोफ्याच्या सांगाड्यात शिरल्या. कुजबुज सुरू झाली, मग खिदळणं. कशावर हसतात ते त्याला ऐकू येईना. खिळे ठोकायचे थांबवून तो कान देऊ लागला, तसं लेकीने डोकं बाहेर काढलं.

"बाबा, तू जरा बाहेर जा ना."

आपल्याच कामाच्या खोलीतून तो अंगणात आला. हातात हातोडी तशीच. आनंद झाला होता, तरी दारापासून फार लांब जाववेना.

त्या रात्री जेवताना त्याने विचारलं, आता शाळेत जावंसं वाटतं का. "माहीत नाही," ती म्हणाली. "तुला काय वाटतं?"

त्यालाही माहीत नव्हतं. बायको म्हणाली, तूर्त सकाळी अभ्यास, दुपारनंतर बाग. पुढचं पुढे बघू. मेहुणीला काय सांगायचं, हे मात्र कुणालाच सुचलं नाही.